पेठ, मंडई व मॉल : दुकानदारीच्या ऱ्हासाचीं साधनें

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधीत हिंडणाऱ्या आमच्या पूर्वसूरींस एक हकीकत गांवोगांव ऐकावी लागे. ती अशी कीं, अमुक वाड्यांत दप्तर होतें खरें, परंतु घरांतील मंडळींनीं तें मणाच्या भावानें वाण्यास घातलें आणि वाण्यानें त्याच्या पुड्या बांधिल्या. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या काळापासून वाणी हा दप्तरांचा काळ अशी एक समजूत संशोधकांच्या मनांत घर करून बसली आहे. आज चक्र असें फिरलें आहे कीं, त्या वाण्याचेंच दुकान बंद होत आहे, त्याच्याच वह्या रद्दींत जात आहेत, आणि त्या वांचविण्यास कोणी धांवत नाहीं. पुडी बांधण्याच्याही उपयोगाच्या त्या राहिल्या नाहींत. त्यांचा थेट लगदा होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याच्या पूर्वेकडील एका पेठेंतील किराणा मालाचें एक जुनें दुकान बंद झालें. मालकांनीं निरोप पाठविल्यावरून आम्ही गेलों, तों माळ्यावरील निम्म्याहून अधिक वह्या आदल्या दिवशींच हातगाडीवर चढल्या होत्या. मालक सज्जन गृहस्थ, त्यांनीं राहिलेल्या वह्या आमच्यापुढें ठेविल्या आणि सहज विचारलें, "यांत इतिहास तो कसला? ही तर लोकांची उधारी!" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर होय.

अलीकडे अशी ओरड ऐकूं येते कीं, मॉल आला आणि दुकान बुडालें. आतां मॉलही बुडूं लागला असून सर्व व्यवहार तारेवरून व दूरध्वनीवरून होऊं लागला आहे. या ओरडींत तथ्य आहे, परंतु ती अपुरी आहे. विक्रीच्या जागेचें एक रूप जाऊन दुसरें येणें ही गोष्ट या प्रांतास नवी नाहीं. प्रत्येक पालटांत काय गेलें, काय टिकलें आणि कागद कोणते राहिले, हें क्रमानें पाहिल्यास आजच्या पालटांतील खरी हानि कोणती तें समजेल.

२. शब्दविचार

विक्रीच्या जागेस मराठींत जे शब्द आहेत त्यांतच या इतिहासाचे थर दिसतात. 'हाट' हा शब्द संस्कृत 'हट्ट' यापासून व 'वाणी' हा 'वणिज्' यापासून आलेला. 'पेठ' दक्षिणेकडचा, कानडींत 'पेटे' व तमिळांत 'पेट्टै' हीं त्याचीं भावंडें. 'बाजार' व 'गंज' फारसी. 'दुकान' अरबी असून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आलें. 'मंडई' हा शब्द उत्तरेकडील 'मंडी'च्या कुळांतला. 'मॉल' इंग्रजी, परंतु त्याचें मूळ व्यापारांत नसून खेळांत आहे. सतराव्या शतकांत लंडनांत हातोड्यानें लांकडी चेंडू टोलविण्याचा 'पॅल-मॅल' नांवाचा खेळ चाले. तो जेथें खेळत त्या लांबट, झाडांनीं वेढलेल्या वाटेस तेंच नांव पडलें. मग कोणत्याही सावलीच्या फिरण्याच्या वाटेस 'मॉल' म्हणूं लागले. आणि विसाव्या शतकांत अमेरिकेंत छपराखालील बाजारास तो शब्द चिकटला.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंतांनीं रचिलेल्या 'राजव्यवहारकोशा'चा शेवटचा वर्ग 'पण्यवर्ग' आहे. यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग होता. दरबारांतील कित्येक शब्द त्या उद्योगानें पालटले. अष्टप्रधानांचीं नांवें पालटलीं. परंतु 'दुकान' व 'बाजार' हे शब्द जागचे हालले नाहींत. राजाज्ञेनें दरबाराची भाषा बदलते, बाजाराची बदलत नाहीं, हें यावरून दिसतें. मात्र शब्द राजाज्ञेस जुमानीत नसला तरी पेठ राजाज्ञेवांचून वसत नसे. तिकडे आतां वळूं.

३. पेठ

पेठ ही आपोआप उगवलेली वस्ती नव्हे. ती वसविलेली असे. राजा किंवा सरदार एखाद्या इसमास पेठ वसविण्याचा कौल देई. उदमी, वाणी, सराफ, साळी, तांबट वगैरे लोक बाहेरून आणून बसवावे, त्यांस ठराविक वर्षें जकात वा घरपट्टी माफ असावी आणि मुदत सरल्यावर हळूहळू कर बसवावा, असा त्याचा सामान्य नमुना असे. पेठेवर शेटे व महाजन हे वतनदार. दुकानें बसविणें, पेठेचा बंदोबस्त पाहणें व त्याबद्दल दुकानदारांकडून मानपान व हक्क घेणें हें त्यांचें काम. शेटेपणाच्या व महाजनकीच्या तंट्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस हें नव्यानें सांगावयास नको.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारें १७१५) साहुकारांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. साहुकारांमुळें राज्यास शोभा येते व अडचणीच्या वेळीं राज्य तरतें, म्हणून त्यांचें रक्षण करावें, त्यांस पेठेंत आणून बसवावें, असा त्याचा आशय. त्याच प्रकरणांत टोपीकरांविषयीं सावधगिरीही सांगितली आहे : हे नुसते सावकार नव्हेत, राज्याची इच्छा धरणारे आहेत, यांस बंदरकिनारीं कायम ठाणें देऊं नये. जागा कोणाच्या हातीं आहे यावर व्यापाराचें स्वरूप ठरतें हा विचार अमात्यांस पुरता उमगला होता. पुढील विवेचनांत तो आम्हांस पुन्हां उपयोगी पडेल.

पुण्याच्या पेठांचा क्रम वाचकांस परिचित आहे. येथें आवश्यक तेवढाच सांगतों. कसबा सर्वांत जुना. सोमवार पेठेचें जुनें नांव शहापूर, शनिवारचें मुर्तजाबाद, रविवारचें मलकापूर, मंगळवारचें अष्टापुरा. बुधवार पेठ ही १७०३ सालीं औरंगजेबाच्या मुक्कामांत 'मोहियाबाद' या नांवानें वसली. शुक्रवार पेठ १७३४ मध्यें जिवाजीपंत खासगीवाले यांनीं 'विसापूर' म्हणून वसविली. गुरुवार अथवा वेताळ पेठही त्यांचीच. सदाशिव पेठ १७६९ मध्यें थोरल्या माधवरावांनीं भाऊसाहेबांच्या नांवें वसविली, आणि १७९१ मध्यें नाना फडणिसांनीं हनुमंत पेठ वसविली, तीच आजची नाना पेठ. रास्ते यांच्या पेठेचें मूळ नांव शिवपुरी. एका शतकाच्या आंत लहानसा कसबा राजधानी कसा झाला, त्याचा जणू हा ताळेबंदच आहे.

या पेठांत दुकान व घर एकत्र असे. खालीं ओटा व दुकान, मागें कोठार, वर बिऱ्हाड. कोतवाल भाव व वजनें पाही. जकातदार आंत येणाऱ्या मालावर जकात घेई. १८१८ त राज्य गेलें तेव्हां पेठा ओस पडल्या नाहींत, परंतु दरबार, शिलेदार व सरदारांचे वाडे यांच्यावर चालणारा शालू, शेला, जवाहीर, हत्यारें यांचा व्यापार बसला. १८५८ मध्यें पुण्यास आगगाडी पोंचली, १८६३ मध्यें बोरघाट रेल्वेनें पार झाला, आणि मुंबईच्या बंदरांतील विलायती कापड थेट पेठेच्या दारीं येऊं लागलें. ज्यांचा व्यापार दरबारावर होता ते खचले. ज्यांचा व्यापार रोजच्या पोटावर होता ते टिकले. हा नियम पुढेंही लागू पडतो.

४. मंडई

दुसरा मोठा पालट नगरपालिकांनीं केला. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड यांच्या नांवाची मंडई १८६९ त उभी राहिली. इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा, आणि दर्शनी भागावरील शिल्पें लॉकवुड किपलिंग यांचीं. पुण्यांत तोंपर्यंत भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील उघड्या पटांगणांत भरत असे. तो उठवून शुक्रवार पेठेंत अष्टकोनी मनोऱ्याची मंडई बांधण्यांत आली आणि १८८६ सालीं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें, ती सुरू झाली. खर्च सुमारें तीन लक्ष रुपये. जोतीराव फुले त्या वेळच्या नगरपालिकेंत बसत असत. एवढी रक्कम इमारतीवर घालण्यापेक्षां लोकांच्या शिक्षणावर खर्चावी म्हणून त्यांनीं या योजनेस विरोध केला होता. पुढें कालांतरानें पुण्याच्या मंडईस आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटास, दोहोंसही, फुल्यांचेंच नांव देण्यांत आलें. विरोध करणाराचें नांव विरोधिलेल्या इमारतीस मिळण्याचें असें उदाहरण विरळा.

मंडईनें काय पालटलें? तिनें छप्पर दिलें, पाणी दिलें, गाळ्यास क्रमांक दिला आणि गाळ्याचें भाडें नगरपालिकेच्या तिजोरींत वळविलें. शेटे-महाजनांचा हक्क जाऊन पावती आली. परंतु भाजी विकणारी बाई तीच राहिली, तिचें गिऱ्हाइक तेंच राहिलें आणि भाव ठरविण्याची घासाघीसही तीच राहिली. म्हणून पटांगणांतील बाजार गेला तरी त्यांतील मनुष्यव्यवहार गेला नाहीं. या पालटाचे कागदही सुदैवानें राहिले : नगरपालिकेचे ठराव, लिलावांचीं पत्रकें, त्या वेळच्या वर्तमानपत्रांतील वाद. साधनांच्या दृष्टीनें पाहतां मंडई ही पेठेहून अधिक बोलकी आहे.

५. एकभावाच्या कोठ्या

तिसरें रूप मुंबईस आलें तें विलायती कोठ्यांचें. लंडनमध्यें लष्करी अंमलदारांनीं १८७१ त काढलेल्या 'आर्मी अँड नेव्ही' संस्थेनें १८९१ त मुंबईंत दुकान उघडलें. हॉर्नबी रस्त्यावर 'व्हाइटअवे लेडलॉ'ची कोठी होती. एकाच छपराखालीं कापड, भांडीं, बूट, पुस्तकें, प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी, भाव एकच, व्यवहार बहुधा रोखीचा. 'आपलें काय तें सांगा' या वाक्यास तेथें जागा नव्हती. गिऱ्हाइक गोरें किंवा गोऱ्यांच्या चालीचें. स्वदेशीच्या चळवळींतून १९०६ सालीं निघालेल्या 'बॉम्बे स्वदेशी' भांडारानें ही एकभावाची रीत उचलली, पण माल देशी ठेविला. १९४८ मध्यें नायगांवच्या कामगार वस्तींत 'अपना बाजार' या सहकारी भांडाराचा आरंभ झाला, तेव्हां तीच रीत गिरणी कामगाराच्या दारापर्यंत पोंचली.

विलायती कोठ्या विलायती राज्याबरोबर मावळल्या. काळा घोडा येथील 'आर्मी अँड नेव्ही' ही इमारत मात्र उभी राहिली, आणि पुढें तींत एका देशी उद्योगसमूहानें कपड्यांचें मोठें दुकान थाटलें. येथेंही तोच नियम दिसतो : दरबारी गिऱ्हाइकावर उभा असलेला व्यापार दरबाराबरोबर जातो.

६. वहीचा महिमा

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. उधारीच्या वहींत इतिहास तो कसला?

जुन्या दुकानाचा कारभार दोन वह्यांवर चाले. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें; खतावणींत तोच व्यवहार माणसामाणसाच्या खात्यावर उतरलेला. डावीकडे जमा, उजवीकडे नांवें. लाल खारव्याची बांधणी, आरंभीं श्रीगणेशाय नमः अथवा श्रीलक्ष्मी, कुंकवाचें स्वस्तिक, मग मोडी अक्षर. गुजराती वा मारवाडी दुकानदार असल्यास त्यांची महाजनी लिपि. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं वहीपूजन व कार्तिक शुद्ध प्रतिपदेस नवीं खातीं.

अशी वही तारीख नसली तरी स्वतःचा काळ सांगते. शेर, पायली, मण, खंडी हीं मापें असल्यास ती बहुधा दशमान पद्धतीपूर्वींची; कारण किलोग्रॅमचीं वजनें १९५८ च्या आक्टोबरपासून चालू झालीं व थोड्याच वर्षांत सक्तीचीं झालीं. रुपये-आणे-पै असल्यास १९५७ च्या एप्रिलपूर्वींची. विक्रीकराचा रकाना असल्यास १९४६ नंतरची. शिधापत्रिकेचा उल्लेख असल्यास युद्धकाळाची वा नंतरची, कारण मुंबईंत नियंत्रित शिधावांटप १९४३ च्या मे महिन्यांत सुरू झाली. आणि दिवाळीऐवजीं १ एप्रिलास खातें उघडलेलें दिसल्यास ती बहुधा अगदीं अलीकडची, कारण आयकराच्या कायद्यानें १९८९ पासून सर्वांस एकच हिशेबी वर्ष लावून दिलें. तेव्हांपासून पाडव्याचें वहीपूजन उरलें तें केवळ पूजन म्हणून.

वहीचें मोल केवळ भावांच्या याद्यांत नाहीं. कै. ना. गो. चापेकर यांनीं 'पेशवाईच्या सावलींत' या ग्रंथांत (१९३७) जुन्या घराण्यांच्या जमाखर्चांतून धान्याचे भाव, मजुरी, कापडाच्या किंमती, सणावारांचा खर्च उकलून दाखविला, तेव्हां लढाया व तह यांच्या पलीकडचा महाराष्ट्र प्रथमच नजरेस आला. परंतु ते जमाखर्च बहुतांशीं घेणाराचे. वाण्याची वही देणाराची. घेणाराच्या वहींत एक घर दिसतें, देणाराच्या वहींत सारी आळी दिसते. कोणत्या घरीं तूप गेलें व कोणत्या घरीं करडईचें तेल. कोणाची उधारी दसऱ्यास फिटली व कोणाची तीन वर्षें तुंबली. कोणाच्या नांवापुढें अकस्मात् खातें थांबलें. दुष्काळ, प्लेग, महायुद्ध, सर्व कांहीं वाण्याच्या वहींत उमटतें, आणि तेंही कोणास दाखविण्याकरितां लिहिलेलें नसतें. बखरकारास धनी असतो. खतावणीस फक्त बेरीज असते.

याचें मुंबईकडील एक उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दीड वर्षाहून अधिक काळ पगार नसतां गिरणगांव जगलें कसें? कोणी गांवीं गेले, कोणी पडेल तें काम केलें, आणि पुष्कळांस आळींतील वाण्यानें व खानावळवाल्या बाईनें उधारीवर जगविलें. त्या उधारीची वही हें त्या संपाचें पहिल्या प्रतीचें साधन होय. युनियनचीं पत्रकें व सरकारी अहवाल ग्रंथालयांत मिळतात. या वह्या किती शिल्लक आहेत? संप फसल्यावर उधारी बुडाली, उधारीबरोबर दुकान बुडालें आणि दुकानाबरोबर वही गेली.

७. दुकानाचा ऱ्हास

जुन्या दुकानाच्या ऱ्हासाचें खापर एका मॉलवर फोडण्याची चाल आहे. ती आम्हांस पटत नाहीं. कारणें अनेक व एकमेकांत गुंतलेलीं आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें पेठेंतील दुकानदारास आसरा दिला. भाडें गोठलें, म्हणून दुकान टिकलें. पण भाडें गोठलें म्हणूनच मालकानें वाड्याची डागडुजी सोडली. वाडा खचला, त्याच्या जागीं इमारत आली, आणि तळमजल्याचा गाळा घेण्याची ऐपत जुन्या दुकानदारास राहिली नाहीं. जो कायदा आधार झाला तोच पुढें घातास कारण झाला. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. माल गेला तो पुन्हां भरतां आला, वह्या गेल्या त्या परत आल्या नाहींत. मुलें शिकलीं, नोकऱ्यांस लागलीं, परदेशीं गेलीं. गादीवर बसण्यास कोणी उरलें नाहीं. शहर पेठांबाहेर पसरलें आणि गिऱ्हाइक कोथरूड, हडपसर, पिंपरीकडे गेलें.

मग करांचे पालट आले. पेठेच्या जन्मापासून तिच्या वेशीवर उभी असलेली जकात पुण्यांत २०१३ त व मुंबईंत २०१७ त गेली. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. हिशेब यंत्रावर ठेवणें भाग पडलें, आणि बोरूपासून बॉलपेनापर्यंत टिकलेली वही संपली. २०१६ च्या नोव्हेंबरांत मोठ्या नोटा रद्द झाल्या. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली. शेवटीं, घरबसल्या मागवावें व कांहीं मिनिटांत दारीं यावें अशी सोय झाली. तिच्या पाठीमागें जीं कोठारें आहेत त्यांस दर्शनी दार नाहीं, ओटा नाहीं, गिऱ्हाइकाचा पाय त्यांस लागत नाहीं.

तथापि पेठ मेली असें कोणी म्हणेल तर आम्ही त्यास लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेंत दिवाळीच्या आठवड्यांत घेऊन जाऊं. विक्री मेली नाहीं. मेली ती ओळखीवर चालणारी उधारी, आणि तिची वही.

८. मॉल

मॉलची कल्पना व्हिएन्नाहून अमेरिकेस गेलेल्या व्हिक्टर ग्रूएन या स्थापत्यकाराची. मिनेसोटांतील ईडायना येथें १९५६ त उघडलेला 'साउथडेल' हा पूर्ण छपराखालील, वातानुकूलित असा पहिला मॉल समजला जातो. युरोपांतील चौकाप्रमाणें लोकांनीं एकत्र जमावें, फिरावें, भेटावें ही ग्रूएनची मूळ इच्छा होती; भोवतीं घरें, शाळा, दवाखाने असावे असाही बेत होता. प्रत्यक्षांत भोवतीं मोटारींचें पटांगण राहिलें. आपल्या मानसपुत्राचें हें रूप पाहून त्यानें उत्तरायुष्यांत त्याच्याशीं नातें नाकारलें. थोडक्यांत, मॉल ही छपराखालील पेठच व्हावयाची होती, परंतु बिऱ्हाडांवांचून.

मुंबईंत ताडदेव येथें 'क्रॉसरोड्स' १९९९ त उघडला. जागा पूर्वीं औषधांच्या कारखान्याची. आरंभीं गर्दी इतकी लोटली कीं, ज्याच्याजवळ भ्रमणध्वनी वा क्रेडिट कार्ड आहे त्यासच मोफत प्रवेश, इतरांस प्रवेशमूल्य, असा नियम कांहीं काळ होता. पेठेच्या इतिहासांत वेशीवर मालास जकात होती. गिऱ्हाइकास जकात बसल्याचा हा प्रसंग अपूर्वच म्हणावा लागेल. पुढें त्याचें नांव बदललें, मालकी बदलली, दुकानें ओस पडलीं, आणि २०२४ त कर्जवसुलीसाठीं बँकेनें तो लिलावास काढला. उदय ते लिलाव एकंदर पंचवीस वर्षें. पेठेंत एवढ्या काळांत एक पिढी गादीवरून उठते, इतकेंच. याच्या उलट लोअर परळ येथील 'फिनिक्स' : १९०५ सालची गिरणी, तिच्या आवारांत मॉल झाला आणि भरभराटीस आला. ज्या गिरणगांवांत वाण्याची उधारी बुडाली तेथेंच ही भरभराट झाली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

'नाइट फ्रँक' या संस्थेनें देशांतील आठ मोठ्या शहरांची पाहणी करून, ज्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे अशा बाजारसंकुलांस 'भुताळी' म्हटलें. २०२२ त अशीं ५७ होतीं, २०२३ त ६४ झालीं. २००१ त आरंभ झालेल्या 'बिग बझार' या दुकानमालिकेची मालक कंपनी २०२२ त नादारीच्या कारवाईंत गेली. मॉल असे लवकर कां मावळतात? जाणकार एक कारण सांगतात तें आमच्या विषयास जुळणारें आहे. ज्या संकुलांतील गाळे एकेकट्या इसमांस विकले गेले, तेथें कोणतें दुकान कोठें असावें हें ठरविणारा कोणी उरत नाहीं, आणि तें संकुल विस्कटतें. जेथें मालकी एकाकडे व गाळे भाड्यानें, तेथें तें टिकण्याचा संभव अधिक.

परंतु पेठेंतही मालक अनेकच होते. मग ती अडीचशें वर्षें कशी टिकली? आमच्या मतें उत्तर दुहेरी आहे. एक, पेठेस शेटे-महाजन होते, म्हणजे मालक अनेक असूनही पेठेची काळजी वाहणारा कोणी एक होता. दुसरें व अधिक महत्त्वाचें, पेठेंतील दुकानदार तेथेंच राहत असे. धंदा मंदावला म्हणून त्यास घर उचलून जातां येत नसे. तो माल पालटी, दुकान पालटी, पण जागा सोडीत नसे. गाळा गुंतवणूक म्हणून घेणाराचें घर दुसरीकडे असतें. भाडें थकतांच तो कुलूप लावतो. जागा कोणाच्या हातीं आहे यावर व्यापार अवलंबून, हा अमात्यांचा विचार येथें पुन्हां आठवतो.

९. कर्तव्य

आतां साधनांचा प्रश्न. पेठेनें कौलनामे, महजर व जकातीचे हिशेब ठेविले, मंडईनें ठराव व पावत्या, दुकानानें वह्या. मॉलनें काय ठेविलें? त्याचे हिशेब यंत्राच्या पोटांत. कंपनी बुडाली कीं यंत्र बंद. पावती ज्या कागदावर छापली जाते त्यावरील अक्षर उष्णतेनें उमटविलेलें असून थोड्याच वर्षांत उडून जातें. दोनशें वर्षांपूर्वींच्या तेलाचा भाव आम्हीं सांगूं शकतों; विसाव्या शतकाच्या अखेरीस ताडदेवास कोण काय विकत घेत होता, हें दोनशें वर्षांनीं सांगणें कठीण जाईल. म्हणून ज्या शेवटच्या वह्या आज माळ्यांवर आहेत, त्याच पुढील संशोधकांच्या दृष्टीनें शेवटचे मुक्त कागद होत.

आमच्या वाचकांत संग्राहक पुष्कळ आहेत. त्यांस विनंति अशी कीं, पेशव्यांच्या शिक्क्याचें पत्र मिळावें या आशेनें जुन्या वाड्यांत जातांना तळमजल्यावरील दुकानाकडेही एकदां पाहावें. दुकान बंद होणार असें कळल्यास रद्दीवाल्याच्या आधीं जावें. वह्या मिळाल्यास त्यांचा क्रम मोडूं नये; सुंदर मोडीची एक वही उचलून बाकीच्या सोडूं नयेत, कारण रोजकीर्दीवांचून खतावणी अर्धी मुकी असते. दुकान कोणत्या पेठेंत, कोणत्या गल्लींत, शेजारीं काय होतें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. दुकानदार हयात असेल तर त्याच्या सांकेतिक खुणा त्याजकडूनच समजून घ्याव्या. वजनें, मापें, तराजू, पाट्या मिळाल्यास त्यांची नोंद वहीसोबत असावी. आणि एक पथ्य अवश्य पाळावें : वह्यांतील ऋणकोंचे वंशज आजही त्याच आळींत राहत असतील, त्यांचीं नांवें छापून कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणूं नये. भाव छापावे, माल छापावा, नांवें झांकावीं.

त्या पेठेंतील मालकांनीं आम्हांस दिलेल्या वह्या आतां कपाटांत नीट लावून ठेविल्या आहेत. त्यांतील एका खतावणींत कांहीं खात्यांच्या शेवटीं बेरीज नाहीं. तेथें मालकांच्या वडिलांच्या हातचा एकच शब्द आहे : 'सोडलें'. कोणाचें, किती व कां, हें वहीवरून कळतें, पण येथें सांगत नाहीं. आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या एका शब्दांत होतें. तें वाचण्यास आम्हांस उशीर लागला, इतकेंच. असो.